कॅलेंडर माझ्याकडेच राहिलं

प्रिय फेसाळ्या,

चार महिन्यांनी लिहितेय. फोनही केला असता, पण फोनवर तू मला बोलू कधी दिलंस? तू सुरू झालास की दूध उतू गेल्यासारखं, म्हणून तर मी तुझं हे नाव ठेवलं. कागदावर तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

काल तुझी तुतीची बिअर विकत आणली. कोपऱ्यावरच्या दुकानात अगदी दर्शनी, खिडकीतल्या उन्हात मांडली होती. लेबलवर तुझा हसरा फोटो, खाली ‘आमच्या संस्थापकाचा स्वतःचा शोध’. दुकानदाराला म्हटलं, फोटो छान आलाय. तो म्हणाला, अहो, माणूसच छान आहे, एकट्याने उभं केलंय सगळं. मी मान डोलावली. मला त्याची सवय आहे. या बिअरला बक्षीस मिळालं त्या दिवशी तू पाहुण्यांना माझी ओळख करून दिलीस, ‘ही बाटल्या धुवायला येते,’ तेव्हाही डोलावलीच होती.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. बाबा बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीपुढे उभे राहिले, आईने शाळेचे जिने पुसले, तेव्हा कुठे मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकले. आणि ते शिक्षण घेऊन आमच्याच स्वयंपाकघरात दोन वर्षं तुझ्यासाठी तुती कुस्करत बसले. बोटं जांभळी व्हायची. आई म्हणायची, इतकं शिकून शेवटी रंगारीण झालीस की गं! मी हसायचे. मला वाटायचं, आपण दोघं मिळून काहीतरी खरं, प्रामाणिक उभं करतोय. मग एका सकाळी माझी कृतीची वही गेली, आणि तुझ्या ब्रुअरीचं कुलूपही बदललेलं होतं.

असो. बाबांना समोर बसवलं, दोन पेले मांडले. झाकण काढताच फेस भसाभसा बाहेर आला, टेबलावरून थेट बाबांच्या पायावर. उरलेलं पेल्यात ओतलं. रंग माझाच, वासही माझाच. घोट घेताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं हसू. बिअर गोड होती रे! तुतीची साखर तशीच शिल्लक, यीस्टने ती अजून खाल्लीच नव्हती. बाबा म्हणाले, हे सरबत झालं, तुझी जिभेला जरा चावायची.

वहीत लिहिलं होतं, तुती घातल्यावर पाचव्या दिवशी बाटलीत भरणे. तू अक्षरशः तेच केलंस. पण ते पाच दिवस आमच्या स्वयंपाकघरातल्या उबेचे होते, तुझ्या गारठलेल्या तळघराचे नाहीत. रोज सकाळी मी घनता मोजायचे आणि आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर पेन्सिलीने टाकायचे. लागोपाठ तीन दिवस तोच आकडा आला, म्हणजे साखर संपली, तरच भरायचं. हे वहीत नाही, कारण ते मी तुला तोंडी सांगायचे, आणि तू म्हणायचास, कळलं गं बाई, किती वेळा सांगशील! वही नेलीस. कॅलेंडर न्यायचं तुला सुचलं नाही.

ती उरलेली साखर आता बंद बाटलीत, खिडकीतल्या उन्हात आंबतेय, आत वायू कोंडतोय. पुढे काय होतं ते बाबांना कुणी शिकवावं लागत नाही. फुटलेल्या काचेने त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ केलीत. त्यांनी पेला बाजूला सारला आणि एवढंच विचारलं, पोरी, उन्हात ठेवल्यात म्हणालीस?

खोटं कशाला बोलू, कुणाला कळवायचं की नाही, यातच माझा चहा दोनदा गार झाला. नुसती गप्प राहिले असते तरी तुझं नाव काचेसकट रस्त्यावर आलं असतं. मला ते हवं होतं. फार हवं होतं. पण काच दुकानदाराच्या डोळ्यात गेली असती, तुझ्या नाही. आणि मला तूच हवा होतास.

म्हणून आज सकाळी अन्न तपासणीच्या कार्यालयात गेले. तिथल्या अधिकारी बाईंनी विचारलं, नुसत्या चवीवरून तुम्हाला इतकं कसं कळलं? मी दोन वर्षांच्या कॅलेंडरची पानं पुढे ठेवली, सगळी माझ्या अक्षरातली. कृती कुणाची, हे त्यांनी अहवालात माझ्या नावानिशी लिहिलंय. दुकानांतल्या नऊशे बाटल्या बर्फात घालून उद्या दहा वाजता तुझ्या दारात येतील. त्या उघडून ओतून द्यायच्या कशा, ते मीच लिहून दिलंय: गार असतानाच, एकेक, ओल्या गोणपाटात धरून. कामगारांनी हात लावायचा नाही, संस्थापकाने स्वतः उघडायच्या, ही ओळही माझीच. बाईंनी ती आदेशात जशीच्या तशी घातली. हे पत्र आजच तुझ्या दाराखालून सरकवतेय ते एवढ्याचसाठी, की जाड हातमोजे घाल आणि चष्मा विसरू नकोस. तुझे डोळे मला शाबूत हवेत, तो अहवाल तुला वाचायचाय. नंतर रिकाम्या बाटल्या धुवायला मात्र दुसरं कुणी बघ.

एके काळी तुझीच