घरगाडीचं आतलं माप

२ मार्च
जुनी कॅम्पर दारात आणून लावली. लोक अशा गाडीत सुट्टीचे चार दिवस काढतात, आम्ही दोघं कायमचे राहणार. घरमालकाला एकतीस तारखेला घर रिकामं हवंय. दुसरं घर शोधायचं नाही, हा माझा निर्णय. ही म्हणाली, बघू. ही 'बघू' म्हणते तेव्हा अर्धी तयार असते.
संकल्प : रोज सकाळी सहाला काम सुरू.

५ मार्च
दहाला सुरू केलं. पहाटे पत्रा ओला असतो. आतले दोन बाक आणि घडीचं टेबल उपटून काढलं. खाली गंज निघाला. सगळ्याच जुन्या गाड्यांत असतो.

९ मार्च, दुपार
सुतार आला. त्याला ड्रॉइंग दाखवलं. अठ्ठावीस वर्षं ड्रॉइंग ऑफिसात काढली आहेत, माझ्या रेषेत खोट काढायची कोणाची टाप नाही. सुतार म्हणाला, एकदा वहिनींना आत उभं करून बघा साहेब. मी म्हटलं, सरप्राइज आहे, पूर्ण झाल्यावरच दाखवणार. तो कान खाजवत राहिला. या लोकांना सरप्राइज कळत नाही.

१४ मार्च
ऊन-थंडी लागू नये म्हणून जमिनीवर दोन इंच थर्माकोल, त्यावर प्लाय. छतालाही तेच. सुतार म्हणाला, एक इंच पुरे. मी म्हटलं, कायमचं राहायचंय, पाहुणे म्हणून नाही. स्वतः उभा राहून पाहिलं. डोक्यावर दोन बोटं जागा. झकास.

१९ मार्च
ओटा आणि सिंक बसवलं. सिंकचं पाणी पलंगाखाली जातं. किरकोळ काम आहे. ही शाळेतून येऊन पेपर तपासत बसली होती. मधेच फोन आला. मी आत आलो तशी 'नंतर बोलते' म्हणून ठेवून दिला. मेहुणी असणार. तिला माझी धडाडी पहिल्यापासून बघवत नाही.

२४ मार्च
झोप नीट नाही. खास कारण नाही. घरमालक येऊन पडद्यांसाठी खिडक्या मोजून गेला.

२७ मार्च, संध्याकाळ
हिला आत नेलं. पायरी चढली आणि खाडकन डोकं आपटलं. मान वाकवून ओट्यापाशी गेली, तशीच उभी राहिली. मी म्हटलं, सवय होईल.
ही माझ्यापेक्षा चार इंच उंच आहे. मला माहीत नव्हतं असं नाही. लग्नाच्या फोटोत मी पायरीवर उभा आहे. पण घरात आम्ही हा विषय काढत नाही. सगळी मापं मी माझ्यावरून घेतली. ड्रॉइंगमध्ये माणूस काढलाय, तोही एकच.
बाहेर येऊन म्हणाली, सव्वीस वर्षं तुमच्यासाठी सपाट चपला घातल्या, आता मानही खाली घालून राहू का? आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

२८ मार्च
छत काढायला सुताराला बोलावलं. पुढच्या महिन्यात मोकळा होईन म्हणाला. मी एकटाच लागलो. टीचभर प्लाय निघालं. गोंद चांगल्या प्रतीचा आहे, मीच निवडला होता.

२९ मार्च
हिने शाळेजवळ खोली घेतली. दहा तारखेपासून बोलणी चालू होती. त्या दिवशीचा फोन खोलीच्या मालकिणीचा. मेहुणीवर उगाच आळ घेतला. तात्पुरती सोय असेल. छत निघालं की येईलच.

३१ मार्च
घर रिकामं झालं. हिचं सामान पोचवायला गेलो. खोली लहान, पण छत उंच. एक कॉट टाकलेली. दुसरी कुठे बसेल ते बघायला मी टेप काढली. हिने ती हळूच माझ्या हातातून घेतली, गुंडाळली आणि म्हणाली, मी मोजलंय. एकच बसते.
हिच्याशिवाय मला कुठेच राहायचं नाही. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, खिडकी छान आहे.