मोरचूद न चाखलेली नातवंडं

मी, चंद्रभागा पुंजा बोरस्ते, वय अडुसष्ट, राहणार पंचवटी, नाशिक, निवृत्त प्राणिशास्त्र प्राध्यापिका, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहीत आहे. कॉलेजात मुलं मला चिलटीणबाई म्हणत. तो माझं डोकं ठिकाणावर नसल्याचा पुरावा धरू नये.

१. स्वयंपाकघरातल्या बाटल्यांत माझी चिलटं आहेत. त्यांच्या पूर्वजांना मी द्राक्षांवर फवारतात ते मोरचूद खाऊ घातलं. ती कोषातून उशिरा बाहेर पडू लागली. मग मोरचूद बंद केलं, तरी नातवंडं-पतवंडंही उशिराच. जनुकांची अक्षरं तीच असावीत; कुठलं वाचायचं नि कुठलं झाकायचं, त्या खुणा तेवढ्या बदलल्या, असं माझं मत. माझा धाकटा भाऊ गोरक्ष याचं मत: "ताई, आज्यानं मोरचूद खाल्लं आन पोट नातवाचं दुखतं? लय झालं."

२. गोरक्षने आधी स्वतःकडे पाहावं. आमचे वडील आणि चुलते वाळूबा विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भांडले. विहीर धाकट्या पोरांच्या जन्माआधीच बुजली, पुढे भांडणारेही गेले. गोरक्ष आणि चुलतभाऊ रंगनाथ यांनी तिचं पाणी चाखलेलंसुद्धा नाही, तरी ओझरला एकाच कारखान्यात नोकरी करून जन्मभर एकमेकांशी बोलले नाहीत. याला गोरक्षने वाटेल ते नाव द्यावं.

३. राहता फ्लॅट गोरक्षची मुलगी योगिनी आणि रंगनाथचा मुलगा वाल्मीक यांना समाईक. अट एकच: दोघांनी आळीपाळीने रव्या-गुळाची खीर घालून चिलटं जगवावीत. मोरचुदाशिवाय पुढच्या पिढ्या कधीतरी वेळेवर बाहेर येतात का, हे मला पाहायचं होतं. डॉक्टर म्हणतात, तेवढा वेळ नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

४. भावजय भागीबाई हिला फिनेलची बाटली. दिवाळीच्या आवराआवरीत तिने माझी अर्धी चिलटं धुऊन काढली, वर म्हणाली, "घाण व्हती, काढली." बाटली भरलेली आहे.

५. गोरक्ष व रंगनाथ यांना काहीही नाही. रुसू नये. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकील म्हणाले, आणि मला साक्षीदार हेच दोघे हवेत. शेजारी शेजारी बसावं. टेबलावर पेन एकच ठेवलं आहे.

नाशिक, ३ डिसेंबर २००४
(सही) चंद्रभागा पुंजा बोरस्ते

साक्षीदार:
१. (सही) गोरक्ष पुंजा बोरस्ते
२. (सही) रंगनाथ वाळू बोरस्ते. पेन गोरख्याला मागितलं. त्यानं टोपण काढून दिलं.