टॉवेलातलं सोयाबीन

३ जुलै, गुरुवार. सेलू

सकाळी कुलथे आला. बियाणं कंपनीचा एरिया मॅनेजर. एरवी दुकानाबाहेरच्या बाकावर चहा घेऊन जातो, आज थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. हातात पेढ्यांचा पुडा. "वहिनी, बॅगा भरा. मालदीव. दोघांनाही. विमानात बिझनेस क्लास, समुद्रात बंगला."

ह्यांचा चेहरा एवढा तर आमच्या लग्नातही फुलला नव्हता. मी पेढा घेतला, खाल्ला नाही. बी-खताचं दुकान चालवता चालवता केस पांढरे झाले, कंपन्यांच्या टुरा काय असतात ते मला माहीत आहे. दिवाळीनंतर निघतात, पुरुषापुरुषांच्या, बँकॉकला, आणि आल्यावर कुणी बायकोला फोटो दाखवत नाही. ही टूर बायकोसकट, आणि तीही ऐन युरियाच्या गर्दीत. बकऱ्याला हळदकुंकू लावतात ते काही त्याच्या लग्नासाठी नसतं.

विचारलं, "दुसरं कोण कोण हाय?" हे म्हणाले, "असतील की." म्हणजे विचारलेलंच नाही.

४ जुलै

परभणीच्या मोठ्या डीलरच्या बायकोला फोन लावला. आडून आडून विचारलं. त्यांची टूर नोव्हेंबरात, साध्या सीटवर. "मालदीव? आमाला तर कुणी बोललं न्हाई बाई." त्यांचा खप आमच्या कितीतरी पट. मग आम्हीच कुठले एवढे लाडके लागून गेलो?

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "तुला चांगलं झालेलं बघवतच न्हाई." खरं आहे. चांगलं झालं की मी आधी मागून-पुढून बघते.

५ जुलै, शनि.

वालूरला माधवकडे जाऊन आले. सख्खा धाकटा भाऊ, पण चहा भावजयीनं दिला, हा बांधावरच उभा. त्याचं सोयाबीन उगवलंच नाही. इथं एक, तिथं एक. आमच्याच दुकानातलं बी, कुलथेच्या कंपनीचं. मोडून दुसऱ्यांदा पेरलं, पण मनातून काही ते मोडलेलं नाही. गावातल्या बाकीच्यांसोबत त्यानंही तालुक्याला तक्रार दिली आहे. तपासणीवाले शेत बघून गेले. आता त्यांना त्याच लॉटची न फोडलेली बॅग पाहिजे, नमुन्याला. ह्यांनी त्यांना सांगितलंय, माल संपला.

माधव म्हणाला, "आक्का, घरचं बी असलं की मी गोणपाटात घालून बघतो. शंभर दाणे मांडतो, भिजवतो, चार-पाच दिवसांनी कोंब मोजतो, मग पेरतो. दाजींचं बी कसं घालू गोणपाटात? पाव्हण्याच्या शब्दाला पाणी लावून बघायचं का?"

भावजयीनं निघताना कुंकू लावलं, पण पिशवीत काही घातलं नाही. माहेराहून रिकाम्या पिशवीनं मी पहिल्यांदा आले.

६ जुलै

एकादशी. भगर टाकली. डोक्यात तेच.

दुपारी मागच्या गोदामात गेले. हे झोपले होते. पोटॅशच्या थप्पीमागं ताडपत्री, ताडपत्रीखाली पाच बॅगा. सोयाबीन. माधवनं काल दाखवलेल्या बॅगेच्या टॅगवरचा लॉट नंबर ओढणीच्या टोकावर पेनानं लिहून आणला होता, तोच.

माल संपला म्हणे.

तशीच ताडपत्री ओढून आले. हात धुतले तरी वास जाईना. ह्यांना विचारावं, तर काय उत्तर मिळेल ते ठाऊक आहे. आणि खोटं उत्तर मिळालं तर पुढं काय करायचं ते ठाऊक नाही.

८ जुलै, मंगळ.

आज उलगडलं. फोन स्पीकरवर होता, मी घरात आहे हे ह्यांच्या लक्षात नव्हतं. कुलथे: "तुम्ही निवांत जा. परतीचा माल आम्ही टेम्पो लावून उचलतो. गोदामाची किल्ली तेवढी सुनीलकडं ठेवा." सुनील माझा दीर. नंतर हसून म्हणाला, "तिथं गेल्यावर फोन बंदच ठेवा. मजा करा."

म्हणजे बंगला समुद्रात आहे तो एवढ्यासाठी. बॅगा गेल्या की नमुना गेला, नमुना गेला की माधवची तक्रार नुसती बोंब. आणि माझं माहेर? ते कुणाच्या हिशेबात नाही.

रात्री सरळ विचारलं, त्या बॅगांचं काय. हे म्हणाले, "लायसन माझ्या नावावर हाय. कंपनीला काय हुतंय? ती नाव बदलून परत येईल. मी कुठं जाऊ?" चेहरा खरंच घाबरलेला. एवढं वाईट वाटलं की तिथंच थांबले. आता वाटतं, थांबायला नको होतं.

९ जुलै

दोन कामं केली.

एक, गोदामाचं कुलूप बदललं. माझ्या रुखवतातल्या पेटीचं जुनं पितळी कुलूप लावलं. सुनील भाऊजींना दिली ती पहिल्या कुलपाची किल्ली. "घ्या भाऊजी, नीट सांभाळा." त्यांनी खिशात घातली.

दुसरं, एका बॅगेची शिवण कोपऱ्यात उसवून मूठभर दाणे काढले. चार बॅगा तशाच, त्यांना हात लावला नाही. बियाला गुलाबी औषध लावलेलं, विषारी, म्हणून खाण्याच्या डब्यात नाही. रुमालात गाठ मारून पर्समध्ये, पासपोर्टच्या खाली. पासपोर्ट कोरा आहे. कधीतरी दुबईला नेतो म्हणून ह्यांनी काढायला लावला होता.

११ जुलै, शुक्र. विमानात

काल सेलूहून रेल्वे, सकाळी मुंबई, आता हे. खुर्ची नाही, पलंगच. बटण दाबलं की पाय वर येतात. बसल्याबरोबर सरबत, मग चिमट्यानं धरून गरम रुमाल. एवढी सरबराई आमच्याकडं धोंड्याच्या महिन्यात जावयाची होते, आणि जावईसुद्धा मनात धरून असतो की सासरा आता काय मागणार.

टूर म्हणे. टूरमध्ये आम्ही दोघंच.

हे खिडकीला नाक लावून. "सुमन, खाली बघ, पाणी कसलं निळं हाय." बघितलं. निळं होतं. एवढं सुंदर काही मी आजवर पाहिलेलं नाही, आणि मला ते धड बघू दिलं नाही कुणी, ह्याचा राग आला.

उतरताना कळलं की ह्या देशात बी-बियाणं न्यायला बंदी आहे. पर्स छातीशी धरून चालले. कुणी उघडायला लावली नाही.

११ जुलै, संध्याकाळ

बेटावर. लाकडी पुलावरून चालत जायचं, टोकाला आपली खोली, खाली समुद्र. पलंगावर टॉवेलाचे दोन हंस करून ठेवलेले. हे फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकणार होते. मी हात धरला. म्हटलं, वालूरचे लोक आता दुबार पेरणी करायलेत, आणि तुमी त्यांना हंस दाखवता? ठेवला फोन.

हे अंघोळीला गेल्यावर एक हंस उलगडला. भिजवला, पिळला, दहा दहाच्या ओळीत शंभर दाणे मांडले, घट्ट गुंडाळी केली. गुलाबी डाग पडणार, पडू देत. कपड्याच्या कपाटात, तळाला, लाँड्रीच्या पिशवीत.

१२ जुलै

पाऊस. इथंही पावसाळाच आहे, म्हणून तर बंगले रिकामे. नाश्त्याला ओळखीचं एकच, पपई. बाकी सगळं उघडून बघून खाल्लं.

खोली झाडायला माणूस आला आणि पिशवी उचलून निघाला. मी धावत गेले, हातातून घेतली. त्याला वाटलं आत काही मौल्यवान आहे. आहेच. "नो, नो" एवढंच बोलले. ह्यांनी वर बघितलं, काही विचारलं नाही. ह्यांचं न विचारणं मला विचारण्यापेक्षा जड जातं.

१३ जुलै, रवि.

सुनील भाऊजींचा फोन, स्पीकरवर. हे वाळूत खुर्चीवर, मी शेजारी.

"दादा, किल्ली बसंना. कुलथेसाहेबाचा टेम्पो उभा हाय."

मी म्हटलं, "थोडं तेल सोडा, भाऊजी." पाच मिनिटांनी परत फोन. "तेल सोडलं वहिनी. किल्लीच दुसरी हाय बघा." मागून कुलथेचा आवाज, कुलूप तोडू का म्हणून विचारा.

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. फोन हातातच. मी समुद्राकडं बघत बसले. शेवटी म्हणाले, "राहू दे. तोडू नको. मी आल्यावर बघतो."

मला रडू आलं. चांगला आहे माणूस, असं वाटलं. मग लगेच दुसरा विचार. दिवसाढवळ्या गावात कुलूप तोडलं तर चार जण बघतील, म्हणूनही म्हणाले असतील.

संध्याकाळी कुलथेचे तीन फोन. उचलले नाहीत.

१५ जुलै

आज जेवण वाळूत. मेणबत्त्या, फुलं, आम्ही दोघं. हे म्हणाले, "तू खूश न्हाईस." मी म्हटलं, "हे आपल्या पैशानं असतं तर नाचले असते." खरं तर पैशाचंही नाही. लग्नानंतर कधी असं दोघंच बसलो नव्हतो. दुकान, पोरींची लग्नं, आजारपणं. आज बसलो तर मध्ये माधव येऊन बसला.

१६ जुलै, बुध.

आज निघायचं. पहाटे गुंडाळी काढली, बाथरूमच्या फरशीवर ठेवली. सोडणार एवढ्यात हे दारात. किती वेळ उभे होते कोण जाणे.

म्हणाले, "चाळीसच्या वर निघायचे न्हाईत."

मी अजून एक घडीही उलगडली नव्हती.

उघडलं. मोजलं, दोघांनी मिळून. अडतीस. बाकीचे दाणे फुगून, सडून, बोट लावलं की फुटणारे.

"तुमाला कसं माहीत?"

"माधवची तक्रार आल्यावर घातलं हुतं गोणपाट. वरच्या खोलीत." मग म्हणाले, गेल्यावर बॅगा देऊन टाकू, काय व्हायचं ते होऊ दे.

हे ऐकायला मी हजार कोस आले होते. पण विमानभर एकच. पावसाळ्यात वरच्या खोलीत मी रोज कपडे वाळत घालते. तिथं गोणपाट मला कसं दिसलं नाही?

पाय वर करायचं बटण ह्या वेळी दाबलं नाही.

१९ जुलै, शनि. सेलू

नमुना गेला. तालुक्याचे साहेब आले, माझ्यासमोर, माधवसमोर न उसवलेली बॅग घेतली, सील केली. कुलूप मीच उघडलं. ह्यांनी सह्या केल्या. कुलथे काल बॅगा मागून रिकाम्या हातानं गेला म्हणे. "खाल्ल्या मिठाला जागला नाहीत," म्हणाला. निकाल कधी येईल सांगता येत नाही. लायसनचं काय, तेही नाही.

माधव चहाला थांबला. आज भावजयीनं पाठवलेल्या शेंगा घेऊन आला होता. मला वाटलं, संपलं. जिंकलो एकदाचे.

बशीत चहा ओतता ओतता तो सहज म्हणाला, "दाजींचं वाईट वाटायलंय बघ, आक्का. त्यांनाबी फसवलं कंपनीनं. बी न्यायला आलो ना, तवा तुमच्या मागच्या तारेवर गोणपाट वाळायलं हुतं. मनात म्हणलं, दाजींनी आधीच बघितलेलं दिसतंय, आता आपण कशाला बघायचं."

माझ्या हातात साखरेचा डबा होता, तो तसाच धरून उभी राहिले. हे आत, काट्यापाशी. काट्यावर पोतं होतं, पण वजन सांगितल्याचा आवाज आला नाही.

जाताना माधव म्हणाला, "राखीला तू येतीस का मी येऊ?" बघू, म्हणाले.

जेवताना विचारलं, तारेवर कसलं गोणपाट होतं. मान वर न करता म्हणाले, "तुरीचं. दुसऱ्या कंपनीचं." तुरीला गोणपाट कोण घालतं? घालतही असतील. मी तीस वर्षं ह्यांच्याबरोबर जेवते आहे, आणि आज ताटावरचा चेहरा मला वाचता आला नाही.

२० जुलै

दुकानात लोक येऊन ह्यांचं कौतुक करतात. स्वतःहून बॅगा दिल्या, लय मोठं मन. हे गप्प बसतात. मीही.

राखीला अजून वेळ आहे. दाजींना बी विकण्याआधीच माहीत होतं का, असं माधवनं विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. आणि तो विचारणार नाही, कारण त्याचा विश्वास बसलाय. न सांगता त्याच्या मनगटावर राखी बांधायची, की सांगून ह्या घरात परत यायचं?

सुटकेस अजून भरलेलीच आहे. तळाशी तो टॉवेल, दुसऱ्याच्या मालकीचा, गुलाबी डागांचा. धुवायला टाकलेला नाही.