प्रिंटरमधल्या अक्षता

गुरुजी, तुम्हाला जाऊन वीसएक वर्षं झाली. तुमच्या मातीला मी आलो होतो, गव्हाणच्या शाळेतली आम्ही सात-आठ जणं मागे उभी होतो. सगळे रडत होते. मी रडलो नाही, आणि त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही. पहाटे देवासमोर बसून 'गुरुर्ब्रह्मा' म्हणतो तेव्हा आजही मी डोळे उघडे ठेवतो. मिटले की तुम्ही दिसता, हातात रूळ घेतलेले. देवाच्या दारात मनात राग नसावा, हे तुम्हीच शिकवलंत. तो तुम्हीच ठेवून गेलात, म्हणून आज सकाळी ऑफिसला अर्ध्या दिवसाची रजा टाकून लिहायला बसलो आहे.

तुम्हाला रेडिओ आठवत असणार. शाळेला मिळालेला, बॅटरीवर चालणारा, लाकडी पेटीचा. संध्याकाळी गावातले लोक ओट्यावर येऊन बसायचे आणि तुम्ही काटा फिरवायचात. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन झालं, पाट्यांच्या शेजारी तुम्ही रेडिओही मांडलात. हळद वाहिलीत, कुंकू वाहिलंत आणि मूठभर अक्षता वरून सोडल्यात. पेटीला मागे भोकं होती. सुट्टी संपून शाळा भरली तेव्हा काटा फिरेना. तुम्ही दोन दिवस खटपट केलीत. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मागचा पुठ्ठा काढला. मी अकरा वर्षांचा. आत पत्र्याच्या पातळ पात्या असतात, एकीत एक सरकणाऱ्या, त्यांच्या मधे तांदळाचे दाणे अडकले होते. केरसुणीच्या हिराने एकेक काढला. काटा फिरला. बटण दाबलं तर आतून बाईचा आवाज आला. एवढा आनंद मला पुढे लग्नातसुद्धा झाला नाही, हे बायकोला सांगू शकत नाही म्हणून तुम्हाला सांगतो.

तेवढ्यात तुम्ही दारात. मी हात पुढे केला, तळहातावर पाच-सहा दाणे होते, कुंकवाने लाल झालेले. तुम्ही ते पाहिलेत. गुरुजी, तुम्ही ते पाहिलेत, त्यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. तुमचे कान लाल झाले. मग तुम्ही सगळ्या वर्गाला आत बोलावून मला मारलंत. म्हणालात, "पूजेतल्या वस्तूला हात लावतोस? याच्या हाताला यश नाही. हा धरेल ते मोडेल." मागे रेडिओ चालू होता. तो बंद करायचंही तुम्हाला सुचलं नाही.

मार मी विसरलो असतो, मार सगळेच खात होते. पण त्या दिवाळीत मला पनवेलला मामाच्या गॅरेजात ठेवायचं घरात बोलणं चाललं होतं. बाबा तुम्हाला विचारायला आले आणि तुम्ही त्यांनाही तेच वाक्य सांगितलंत. वर म्हणालात, "अक्षर बरं आहे, कारकुनीला लावा." घरी आल्यावर मी तांदळाचं सांगायला लागलो तर बाबा म्हणाले, "गुरुजी बोलले 'नाय', म्हंजे नाय. ते काय खोटा बोलतील?" तेव्हापासून मी बरं अक्षर काढतो आहे. घरातला फ्यूज उडाला तर शेजाऱ्यांना हाक मारतो. सायकलची चेन पडली की खाली वाकायच्या आधी तुमचं वाक्य ऐकू येतं. आता पन्नाशी आली. एवढं एक वाक्य माणसाला किती वर्षं पुरावं?

आम्ही आता खांदा कॉलनीत राहतो. मुलगी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या काकाने मुंबईहून आपला जुना कॉम्प्युटर पाठवला, त्याच्याबरोबर शाईचा प्रिंटर. तुमच्या रेडिओएवढंच धूड. मागच्या खाचेत वरून कोरे कागद उभे ठेवायचे, पुढून छापून बाहेर येतात. परवा दसऱ्याला मी त्याची पूजा केली. कागद काढून ठेवले होते, खाच उघडी होती. काल, रविवारी दुपारी, ती प्रोजेक्टचा रिपोर्ट छापायला बसली. आज सकाळी तो बाइंडिंगला द्यायचा होता, नाहीतर कॉलेजात घेणार नव्हते. दुसरंच पान तिरकं गेलं आणि अडकलं. मग कुरकुर आवाज आणि लाल दिव्याची उघडझाप. स्टेशनसमोरच्या दुकानदाराला फोन केला तर तो म्हणाला, "मुंबईला पाठवावा लागेल. आठ दिवस धरा." मी खोलीत आलो. ती अडकलेला कागद हळूहळू ओढत होती. आणि मी म्हणालो, "ओढू नकोस. मोडलास ना? तुझ्या हाताला यशच नाही."

तुमचा आवाज माझ्या तोंडातून आला. तिने कागद सोडला आणि हात मांडीवर ठेवले. ज्या मुलीने तारा जोडून तो सगळा पसारा एकटीने चालू केला, तिला मी हे म्हणालो. आणि त्या क्षणी मला राग आला तो तुमचा. मेल्यावरही माझ्या घरात यायचं काय काम होतं तुम्हाला?

मी प्रिंटर उघडायला घेतला. ती एवढंच म्हणाली, "बाबा, आधी शाईच्या डब्या काढा, सांडेल." मग बॅटरी आणायला स्वयंपाकघरात गेली. मी डब्या काढल्या, प्रिंटर उलटा धरून हलवला आणि टेबलावर दाणे पडले. लाल दाणे. एक आत रुतला होता, तो बायकोच्या विणायच्या सुईने काढला. कागद ओढणाऱ्या रबरी रुळावर हळदीचा थर होता, तो ओल्या फडक्याने पुसला. बोटं थरथरत नव्हती, गुरुजी. एकदाही नाही. पण तिची चाहूल लागली तसे मी दाणे गोळा करून मूठ मिटली. "काय होतं?" तिने विचारलं. "स्प्रिंग सरकली होती," मी म्हणालो. "बरं," ती म्हणाली. मग खुर्ची मागे सरकवून उठली. "आता तुम्हीच छापा. मी फक्त पानं लावते. माझ्या हाताला नको." सगळा रिपोर्ट मी छापला. ती पलंगावर बसून पानं लावत होती. एकदाही जवळ आली नाही.

आज सकाळी ती वेणी घालत होती तेव्हा मी सांगितलं, "ते तांदूळ होते. माझ्या पूजेतले."

"माहीत आहे," ती आरशातच बघत म्हणाली. "मूठभर टाकलेत. गणपतीलासुद्धा एवढ्या अक्षता लागत नाहीत."

"मग काल बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलू दिलंत का?"

हाच प्रश्न मला तुम्हाला विचारायचा होता. तिने तो एका दिवसात विचारला, मला जवळजवळ चाळीस वर्षं लागली आणि तुम्ही राहिला नाहीत. तुमच्या कानांचा रंग का बदलला होता हे मला आता नीट कळतं, चारचौघांसमोर गुरुजींची चूक निघणं म्हणजे काय तेही कळतं. पण कळलं म्हणून माफ केलं असं समजू नका. तुमच्याकडे नंतर पुष्कळ वर्षं होती. मी रोज शाळेच्याच वाटेने जात होतो, एखाद्या दिवशी हाक मारता आली असती.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. एक सांगायचं राहिलं. तिच्या त्या प्रश्नावर मी म्हणालो, "बस चुकेल, नीघ." यश नाही म्हणालो ते मागे घेतलं नाही. ती चारला येईल. अर्धा दिवस रजा घेतली ती तिच्याशी काय बोलायचं ते ठरवायला, आणि सगळा वेळ तुमच्यावर रागावण्यात घालवला. ते सोपं गेलं.