‘झालं’ ऐकून ठेवलेला फोन

तीर्थस्वरूप मामा,

साष्टांग नमस्कार (खोली लहान आहे, तेव्हा खुर्चीत बसूनच). डोळे कसे आहेत हे विचारायला मला तोंड नाही. रविवारी तुम्ही ऑपरेशनची तारीख सांगत होतात, मध्येच "चला, झालं" म्हणालात आणि मी फोन ठेवून दिला. मागाहून आईकडून कळलं, तारखेचा कागद वाचायला तुम्ही चष्मा शोधत होतात आणि तो सापडला म्हणून तसं म्हणालात. आता तारीख विचारली की म्हणता, "तू तुझं काम बघ." (मामी, पत्र तूच वाचून दाखवणार, तर कंसातलं मनातल्या मनात वाच. फार रागावलेत का गं?)

तर माझं काम. आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक बंदिस्त मशीन असतं, त्याला कंटेनर म्हणतात. आत हुकूम ऐकायला शेल नावाचा गडी बसलेला असतो. माझा प्रोग्राम दर हुकमाला नवा शेल उठवायचा. "त्या फोल्डरमध्ये जा" म्हटलं की तो जायचा आणि तिथेच त्याचा अवतार संपायचा. पुढच्या हुकमाला नवा गडी पुन्हा दारात, कोरी पाटी घेऊन! शेवटी मी एकच शेल दिवसभर जागा ठेवला. पण हा पठ्ठ्या काम संपल्यावर मुकाट बसतो आणि काम चालू असतानाही मुकाटच. म्हणून प्रत्येक हुकमापाठोपाठ त्याला "झालं" म्हणायला लावलं.

मंगळवारी आमच्या मॅडमची तीन दिवसांची आकडेमोड चालू होती. तिच्यातूनच ओळ आली, "अर्धं काम झालं." माझ्या शहाण्या प्रोग्रामने त्यातलं "झालं" तेवढं ऐकलं आणि सगळं काम संपलं असं समजून आकडेमोडीसकट आख्खा कंटेनर पुसून टाकला. मॅडम काही बोलल्या नाहीत. (बोलल्या. लिहिण्यासारखं नाही.)

आता खूण म्हणून अठ्ठावीस अक्षरांचा असा शब्द ठेवलाय, जो चुकूनही कुणाच्या तोंडी येणार नाही. प्रोग्राम सुधारला. मी मात्र त्या ओळीकडे बघत बसले आणि तुमचा फोन आठवला. शेल गप्प झाला तर मी तासभर वाट बघते, तुमच्यासाठी अर्धं मिनिट थांबले नाही. मामा, मला खरंच लाज वाटली.

तुमची भाची

ता. क. मामी, तारीख गुपचूप कळव. ते नको म्हणतील, तरी मी येणार. रजा मिळाली आहे.

दुसरा ता. क. (मिळाली म्हणजे मॅडमनी दिली. मी मागितली नव्हती.)

तिसरा ता. क. मामा, मामीने कंसातलंही मोठ्याने वाचलं असणार, तेव्हा उघडच सांगते. तुमची पट्टी सुटेल तेव्हा समोर मी असायला हवी. नाही म्हणू नका.