लागलं ना जी?

रविवार, संध्याकाळ.

बायको आज कुलूप एकदाच ओढून लग्नाला जायला माझ्यासोबत सरळ लाखांदूरच्या बसमध्ये बसली. आधी दहादा परत फिरायची, दहादा मला विचारायची, "लागलं ना जी?" दवाखान्यातल्या ताईंनी मोबाइलवर सराव दिलाय. 'कुलूप...' असं अर्धवट वाक्य येतं, 'राहिलं' हा भीतीचा शेवट सोडून 'लागलं' हा साधा शेवट निवडायचा. दोन महिन्यांत तिचं विचारणंच थांबलं.

निम्म्या वाटेवर मीच म्हटलं, "कुलूप लागलं होतं का व?" काहून म्हटलं? मी स्वतः ओढून पाहिलं होतं. ती घरी परत जाऊन कुलूप पाहायला पुढच्या थांब्यावर उतरली. चावी माझ्या खिशात होती, तरी उतरू दिलं. लग्नात पोटभर जेवलो.

परतलो तर ती पायरीवर बसलेली. दार उघडताच म्हणाली, "गॅस बंद केला होता ना जी?"

किती दिवसांनी विचारलं. बरं वाटलं.