दुआत अब्बांची जागा

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अब्बा, आज कामावर गेले नाही. गीझर दुरुस्त करणारा येणार होता, तो दुपारी येऊन गेला. मग कपाटातले गरम कपडे काढून गच्चीत उन्हात टाकले, घड्या करून आणले, रात्रीसाठी डाळीचा कुकर लावला आणि ऊन कलल्यावर असरच्या नमाजला उभी राहिले. हे बाहेरच्या खोलीत मोबाइलवर बातम्या ऐकत होते. बदलापुरात आता हवा बरी आहे. एवढाच दिवस, पण त्यात एक गोष्ट घडली म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

शेवटी मान दोन्हीकडे वळवून सलाम फिरवला, नमाज संपली, आणि मला कळेना की रकाती, म्हणजे उठण्या-झुकण्याच्या फेऱ्या, तीन झाल्या की चार. आठवून पाहिलं, सगळं कोरं. आठवत होतं ते इतकंच, की कुकरच्या शिट्ट्या चार झाल्या आणि तिसरी जरा अडखळत झाली, म्हणजे शिट्टीत फेस अडकलाय. मी जानमाजवर बसूनच ह्यांना विचारलं, मला उभं राहून किती वेळ झाला असेल. ते म्हणाले, "रकाती तुझ्या तू बघ. शिट्ट्या चार झाल्यात." मी म्हटलं, त्या मलाही ठाऊक आहेत. "मग डाळ तरी कबूल झाली," असं म्हणून ते पुन्हा बातम्यांत गेले. मलाही हसू आलं. गॅस बंद केला आणि मनात शंका नको म्हणून नमाज पुन्हा पढले.

पण या वेळी शेवटच्या बैठकीत आईबापांसाठीची दुआ आली आणि मी तिथेच अडले. ही दुआ मी मघाशीही म्हटली असणार. सलाम फिरवला म्हणजे म्हटलीच असणार. म्हणजे तुमच्यासाठी आणि अम्मीसाठी मी अल्लाहकडे माफी मागितली, आणि ती कधी मागितली याचा मलाच पत्ता नाही. आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे, तिचे वडील नुकतेच गेले. तिने विचारलं की मॅडम, तुम्ही कसं सोसलंत. मी तिला सांगितलं की माझ्या वडिलांना मी रोज पाचही वेळा आठवते, एकही वेळ चुकत नाही. सांगताना मला ते अगदी खरं वाटलं होतं. आज वाटलं, जीभ तुमच्यासाठी मागत असते आणि मी स्वयंपाकघरात फिरत असते. मुलगी म्हणून तुमच्यासाठी करण्यासारखं माझ्या हातात आता हे एवढंच उरलंय. तेच मी न बघता उरकत असेन, तर मग तुमच्यासाठी मी करते तरी काय?

अंबरनाथचं आपलं क्वार्टर आठवलं. दोन खोल्या, आणि स्वयंपाकघरातच एका कोपऱ्यात तुमची नमाजची जागा, कारण दुसरीकडे पलंग होता. तुम्ही जेवणाच्या सुट्टीत कारखान्यातून सायकलने घरी यायचात. तेवढ्या वेळात जेवणही उरकायचं आणि दुपारची जोहरही पढायची. तरी नियत करून नमाज सुरू करण्याआधी तुम्ही हात सोडून नुसते उभे राहायचात. अम्मी तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणायची, आता सुरू करा, भोंगा वाजेल. तुम्ही शांतपणे म्हणायचात, "आधी इथे आलो तर पाहिजे ना." ती म्हणायची, मघाशी सायकल लावून आत आले ते कोण होतं मग. तुम्ही हसायचात, पण उभे राहायचात तसेच. मला तेव्हा ते वेळ काढणं वाटायचं. साताऱ्याकडची माणसं अशीच सावकाश, असं अम्मी म्हणायची, आणि ती स्वतःही साताऱ्याकडचीच होती.

मी कॉलेजात होते तेव्हा एकदा तुमच्यासमोर जोहर पढले. बाहेर मैत्रीण थांबली होती. तुम्ही ताटावरून सगळं बघत होता. मी ओढणी सारखी करून चपला घालत होते तेव्हा म्हणालात, "बेटा, तू दार वाजवलंस आणि आतून उत्तर यायच्या आधीच जिना उतरलीस." मी म्हटलं, पढले तर ना. "पढलीस. पण होतीस कुठे?" खोटं बोलायला सुचलं नाही. मी म्हणाले, कॅन्टीनमध्ये. तुम्हाला एकदम ठसका लागला आणि अम्मीने तुम्हाला पाणी दिलं. रागावला नाहीत. मला त्याचंच जास्त लागलं.

त्यानंतरच्या रविवारी मला घेऊन तुम्ही उल्हासनगरच्या बाजारात गेलात. मला मखमली जानमाज हवी होती, हिरवी, मीनार आणि कमान असलेली, झालरवाली. तुम्ही दुकानातून साध्या राखाडी कापडाचा तुकडा निवडलात. दुकानदार सिंधी, बोलका. त्याने मखमलीची थप्पी उलगडली आणि म्हणाला, "साईं, बच्ची के लिए है, डिझाइनवाला लो ना." तुम्ही माझ्याकडे बोट करून म्हणालात, "इसका ध्यान वैसे भी मीनार पे चढ़ जाता है, ऊपर से सीढ़ी मत दो." तो इतका हसला की त्याने कडा शिवून देण्याचे पैसे घेतले नाहीत. मी घरी येईपर्यंत तोंड फुगवून होते. आता माझ्याकडे दोन-तीन मखमली जानमाजी आहेत, हजवरून आलेल्या लोकांनी दिलेल्या. मीनारावर मी अजूनही चढते, त्यासाठी तो समोर दिसावा लागत नाही.

म्हणून आज रात्री ईशाच्या नमाजला तुमच्यासारखं करायचं ठरवलं. हे मशिदीत गेले होते, घरात कोणी नव्हतं. हात सोडून उभी राहिले. आधी ऑफिसातली फाइल आली, मग बहिणीला फोन करायचा राहिलाय ते आलं. ते सगळं येऊन गेल्यावर नियत केली. एकेक शब्द त्याचा अर्थ मनात धरून म्हटला. चार रकातींना इतका वेळ लागतो हे मला ठाऊकच नव्हतं. शेवटच्या बैठकीत आईबापांच्या दुआवर आले आणि तुमचा चेहरा डोळ्यांसमोर आणला.

मला वाटलं होतं भिंतीवरच्या फोटोतले तुम्ही याल, टोपी घातलेले, गंभीर. आला तो बोकड. बकरीदच्या आधी आणून व्हरांड्यात बांधलेला. तुम्हाला ताप होता म्हणून तुम्ही संध्याकाळची मगरिब घरीच पढवत होता, अम्मी आणि मी मागे. बोकड दोरी सोडवून आत आला आणि तुमच्या उजव्या हाताला, मुलगा असता तर उभा राहिला असता तिथे, नीट रांगेत उभा राहिला. मग तुमच्या सदऱ्याचं टोक चघळायला लागला. तुम्ही काही घाई केली नाहीत. उजवीकडे सलाम फिरवलात तो थेट त्याच्या तोंडावर, डावीकडे फिरवलात, आणि मग पुन्हा त्याच्याकडे वळून म्हणालात, "जमाअतला आलास, चांगलं केलंस. हातपाय धुऊन वुजू केलास का?" अम्मी हसून हसून खाली बसली होती.

अब्बा, मी हसले. नुसती गालात नाही, घर भरेल एवढ्याने. हसण्याचा आवाज निघाला की नमाज तर जातेच, आपल्यात वुजूही जातो, हे तुम्हीच शिकवलंत. तर माझं दोन्ही गेलं. दुआ अर्धीच राहिली, तुमच्या नावापर्यंत येऊन.

खरं सांगायचं तर मला त्याचं वाईट वाटत नाहीये. लगेच उठून वुजू करून नमाज पुन्हा पढायला हवी होती, आणि मी हे लिहीत बसले, कारण तुम्ही अजून इथेच होता आणि मला उठवेना. हा कागद कुठे पाठवायचा नाही. चष्मा टेबलावर काढून ठेवते, बांगड्या वर सरकवते आणि वुजूला जाते.